बागेच्या फाटकात आठ सेंटीमीटर कमी पडले

शेवंती

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून 'तुमचं गाव विरुद्ध आमचं गाव' सुरू होतं आणि मूळ विषय राहतो बाजूला.

माझे वडील, अप्पा, वय ७४. मागच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू अधू झाली. फिजिओथेरपी चालू आहे. घरात वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जातात, बाहेर मात्र चाकाची खुर्ची. बाग आमच्या घरापासून चारशे पावलांवर. आजारपणाआधी तीस वर्षं ते रोज सकाळी सहाला तिथे असायचे. हास्यक्लबचे अघोषित अध्यक्षच म्हणा ना.

अकरा महिन्यांनी मागच्या रविवारी त्यांना बागेत घेऊन निघाले. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते साडेपाचपासून.

आमच्या बागेला मोठं लोखंडी गेट आहे, त्याला कायम कुलूप. बाजूला माणसांनी जायला पाइपांची नागमोडी वाट. दुचाक्या आणि गुरं आत जाऊ नयेत म्हणून. खुर्चीची पुढची लहान चाकं आत गेली आणि मागची पाइपला थडकली. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा थडकली. मागे चार-पाच लोक खोळंबलेले. वॉचमनकाका धावत आले. माणूस भला आहे. म्हणाले, "मोठ्या गेटची किल्ली मुकादमांकडं असते, ते नऊला येतात. थांबा, चौघांना बोलावतो, उचलून घेऊ."

अप्पा म्हणाले, "मी काय सिमेंटचं पोतं आहे का?" आणि मग मला, "चल घरी."

परतताना कुंपणाच्या बाहेर रसाच्या गाड्यापाशी थांबले जरा, मलाच दम लागला होता. आत हास्यक्लब सुरू झालेला. हा हा हा, हो हो हो. अप्पांनी एकदाही मान वळवून पाहिलं नाही.

संध्याकाळी शिवणाच्या डब्यातला टेप घेऊन परत गेले. पाइपांमधली जागा ५६ सेंटीमीटर. खुर्ची कडेपासून कडेपर्यंत ६४. म्हणजे आठ कमी. माझी चार बोटं जुळवून धरली तर साधारण तेवढीच.

तर विचारायचं हे की तुमच्याकडच्या बागा, टेकड्या, तळ्याकाठच्या वाटा अशा माणसांना कितपत खुल्या आहेत? कुठे काही चांगलं पाहिलंय का? आणि अर्ज करायचा तर नेमकं काय मागायचं? 'रॅम्प करा' एवढंच मला सुचतंय, आणि ते पुरेसं नाही हे त्या पाइपांनी शिकवलं.

बे एके बे

धाग्याबद्दल धन्यवाद. अप्पांचं पोत्याचं वाक्य जिव्हारी लागलं. वाचतेय.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण आपल्याकडे धड फुटपाथ नाहीत आणि आपण बागेतल्या रॅम्पवर चर्चा करतोय. आधी बागेपर्यंत पोचा तरी.

शेवंती

@स्पष्टवक्ता, पोचलो होतो की. फुटपाथ नाही म्हणून रस्त्याच्या कडेनं, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात. चारशे पावलं जमली, आठ सेंटीमीटर जमले नाहीत.

घाटकरी

शेवंतीताई, बागेचं पटलं शंभर टक्के. पण धाग्यात टेकड्यांचा उल्लेख आलाय म्हणून आधीच बोलून ठेवतो, नंतर वाद नको.

मी गेली बावीस वर्षं दर आठवड्याला टेकडीवर किंवा किल्ल्यावर जातो. 'सुशोभीकरण' या शब्दाची मला धास्ती बसलीय. आधी येतो मुरुमाचा रस्ता, मग पेव्हर ब्लॉक, मग रंगवलेला कठडा, मग दिवे, मग सिमेंटचे हत्ती. ठेकेदाराला 'ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी' हे शब्द मिळाले की पुढचं सगळं पुण्याचं काम ठरतं, विरोध करणारा माणुसकीशून्य. टेकडी ही टेकडीच राहू द्या. प्रत्येक ठिकाणी प्रत्येकाला जाता आलंच पाहिजे असं नसतं. उद्या माझे गुडघे गेले तर मीही खालून नमस्कार करीन.

पांढरी काठी

मी पूर्ण अंध आहे, मोबाइल वाचून दाखवतो त्यावरून लिहितोय, शुद्धलेखनाची चूकभूल द्यावीघ्यावी.

घाटकरी, तुमचं बरचसं बरोबर आहे, फक्त शेवटचं वाक्य सोडून. तुम्ही बावीस वर्षं जाऊन मग खालून नमस्कार करणार. आम्ही काही जण पहिल्या दिवसापासून खालीच असतो. मी मित्राचा कोपर धरून किल्ले केलेत, मला सिमेंटची वाट नकोच आहे. दगडावर पाय नीट रोवता येतो, गुळगुळीत फरशीवर पावसाळ्यात नाही.

आता बागेतल्या पिवळ्या फरशांबद्दल. उभ्या रेघांची फरशी म्हणजे 'चालत राहा', गोल टिपक्यांची म्हणजे 'थांब, पुढे काहीतरी आहे'. आमच्या जवळच्या बागेत रेघांच्या फरश्या मला सरळ नेऊन वडाच्या पारावर आदळतात. पार आधीपासून होता, फरश्या नंतर आल्या, बसवणाऱ्याला वाटलं ही नक्षी आहे. एका ठिकाणी तर टिपके आणि रेघा आलटून पालटून लावल्यात, सतरंजीसारख्या. पायाला वाचता येणारी ती लिपी आहे हो. कोणी 'चालथांबचालथांब' असं लिहून ठेवलं तर तुम्ही काय कराल?

गंमत म्हणजे ही फरशी जन्मली जपानमधल्या ओकायामा शहरात. सेइइची मियाके नावाच्या माणसानं १९६५ मध्ये ती तयार केली आणि १९६७ मध्ये तिथल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते त्याच ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. बागेचं नातं जुळलं, फरशीचं नातं कुणाच्या लक्षात नाही.

अजून एक. काठी जमिनीवरचं सांगते, डोक्यासमोरचं नाही. वाटेवर झुकलेली बोगनवेल, तिरका लावलेला फलक, झाडाला बांधलेली तार, हे सगळं मला कपाळानंच कळतं. डोक्यापासून वर हातभर मोकळं ठेवा, एवढं केलंत तरी उपकार.

सुगरण

@पांढरी काठी, काही बागांत अंधांसाठी सुगंधी झाडांचा वेगळा कोपरा करतात ना? ते उपयोगी असतं का?

पांढरी काठी

छान असतं. पारिजात, रातराणी, सोनचाफा कुणाला आवडणार नाही? पण मला त्या कोपऱ्यात नेऊन उभं करतात आणि 'घ्या वास' म्हणतात. मला बाकावर बसून भेळ खायची असते हो, इतरांसारखी. खरं तर सुवासिक झाडं वाटेच्या वळणावर लावली तर त्यांचा पत्त्यासारखा उपयोग होतो. चाफ्याचा वास आला की डावीकडे वळायचं. कारंज्याच्या आवाजाचंही तसंच, फक्त ते चालू हवं.

सिव्हिल काका

चाळीस वर्षं बांधकामात काढली, त्यातली बरीच सरकारी कामांवर देखरेख करण्यात. शेवंतीताईंनी 'नेमकं काय मागायचं' विचारलंय म्हणून जरा लांबण लावतो.

रॅम्पचा उतार एकास बारा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. आपल्याकडे साधारण जोतं ४५ सेंटीमीटरचं धरा, तर रॅम्प ५ मीटर ४० सेंटीमीटर लांब हवा. प्रत्यक्षात काय होतं? नकाशात पायऱ्यांशेजारी दोन मीटर जागा उरलेली असते, तेवढ्यात बसवून मोकळे होतात. तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी. त्यावरून खुर्ची चढवायला दोन माणसं लागतात आणि उतरताना जीव मुठीत. आणि एकास बारा हा सुद्धा कमाल उतार आहे. स्वतःच्या हातानं चाकं फिरवणाऱ्या माणसाला एकास पंधरा, एकास वीस असेल तर दम कमी लागतो. कठडा दोन उंचींवर हवा, ७६ आणि ९० सेंटीमीटर. वरचा उभ्यानं चालणाऱ्याला, खालचा बसलेल्याला आणि लहान पोरांना. वर पोचल्यावर खुर्ची वळवायला दीड मीटरचा चौक हवा. दार उघडताना खुर्ची मागे घरंगळली तर काय, हा विचार नकाशा काढणारा करत नाही, कारण तो कधी बसलेला नसतो.

पेव्हर ब्लॉकबद्दल लोकांचा गैरसमज आहे. ब्लॉक वाईट नाही, खालचं काम वाईट असतं. खाली खडी नीट दाबायची, वर ग्रिटचा (बारीक कचखडीचा) सारखा थर, कडेला घट्ट कर्ब, म्हणजे कडेचे दगड. यातली दाबाई वाचवली की पहिल्या पावसाळ्यात ब्लॉक खचतात, आणि झाडाची मुळं उरलेले उचलतात. खुर्चीची पुढची चाकं जेमतेम पाच ते आठ इंची. दोन सेंटीमीटरची उंची आली की चाक अडतं आणि आतला माणूस पुढे झेपावतो. पावसाच्या चरावरची जाळीही तशीच. पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या आणि फट १२ मिलिमीटरच्या आत हवी. उभ्या पट्ट्यांत चाक, काठी, बायकांच्या चपलांच्या टाचा, सगळं अडकतं.

घाटकरी, तुमच्यासाठी. सिमेंट लागतच नाही. चांगला मुरूम, पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट दाबला, बाजूला पाण्याला वाट दिली आणि आडवा उतार पन्नासास एकपेक्षा जास्त ठेवला नाही, तर खुर्ची चालते. पाऊस संपल्यावर दरवर्षी डागडुजी करावी लागते, आणि नेमकं तेच कुणाला नको असतं. एकदाच बिल, एकदाच उद्घाटन, हे सगळ्यांना सोयीचं. सैल वाळू आणि मोकळी खडी मात्र खुर्चीला चिखलाइतकीच वाईट.

आता तुमचं फाटक. इथे मी तुम्हाला खोटं आश्वासन देणार नाही. ९० सेंटीमीटर मोकळी जागा सोडली की खुर्ची जाईल, पण मोटारसायकलही जाईल, तिचं हँडलही तेवढ्यात बसतं. रुंदीवरून दोघांना वेगळं काढता येत नाही. तिथे माणूसच लागतो, नाहीतर किल्ली.

टेम्सकाठी

काका, तुमच्या शेवटच्या परिच्छेदावर इथे इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. आमच्याकडे शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटा आहेत, कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या किंवा एक माणूस मावेल असं झुलतं फाटक. मेंढ्या अडाव्यात म्हणून केलेलं, पण मेंढीबरोबर खुर्ची, बाबागाडी आणि माझ्या सासूबाई, सगळेच अडतात. काही ठिकाणी शेजारी मोठं फाटक बसवून त्याला ठरावीक कुलूप लावतात. देशभरातल्या अपंगांच्या स्वच्छतागृहांना जी एकच सामाईक किल्ली चालते, तीच तिथेही. एकदा किल्ली घेतली की कुणाची वाट बघायची गरज नाही. शेवंतीताईंच्या बागेत मुकादमाऐवजी अप्पांच्याच खिशात किल्ली, अशी कल्पना करा.

घाटकरींना लेक डिस्ट्रिक्टची गोष्ट सांगावीशी वाटते. डोंगर, तळी, पाऊस, आपल्या सह्याद्रीच्या वळणाचंच सगळं, फक्त थंड. तिथल्या राष्ट्रीय उद्यानानं वाटांची एक मालिका केलीय, नावाचा अर्थ साधारण 'बिनपायऱ्यांचे मैल'. पन्नासेक वाटा. प्रत्येकीला तीनपैकी एक प्रत: सगळ्यांसाठी, बऱ्याच जणांसाठी, काही जणांसाठी. चढ किती, रुंदी किती, खाली काय आहे, फाटकं किती, हे आधीच लिहिलेलं. डोंगर कापले नाहीत. ज्या वाटा थोड्याशा कामानं जमण्यासारख्या होत्या त्या केल्या, आणि उरलेल्यांबद्दल खरं ते सांगितलं.

सासूबाईंना संधिवात आहे. 'बऱ्याच जणांसाठी' वाटेवर आम्ही गेलो, मधल्या चढावर त्या म्हणाल्या, "लिहिलं होतं तेवढंच निघालं, बरं." त्यांना चढाचा त्रास झालाच, पण फसवल्यासारखं नाही वाटलं.

घाटकरी

हे आवडलं. माझा विरोध सिमेंटला आहे, माहितीला नाही. आमच्या टेकडीला सहा वाटा आहेत. त्यातली मागच्या बाजूची जुनी बैलगाडीची वाट आहे, रुंद आणि मंद चढाची, वर तळ्यापर्यंत जाते. तिच्यावर एकच अडचण, वनखात्याच्या चौकीजवळचा खंदक. गाड्या वर जाऊ नयेत म्हणून खणलेला. तिथे फळी टाकली तरी… बघतो जरा. रविवारी टेप घेऊन जातो.

चिमणीची आई

माझी मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. बागेत आम्ही जातो, पण ती खेळत नाही, बघते. झोपाळ्याच्या सपाट फळीवर तिला तोल सांभाळता येत नाही. पाठ टेकायला आणि पट्टा असलेला एकच पाळणा असता तर बास होतं. गोल फिरणारं चक्र जमिनीपासून फूटभर वर असतं, ते जमिनीच्या पातळीला बसवलं तर खुर्चीसकट आत जाता येतं. अशी मी फोटोत पाहिलीत. घसरगुंडीखाली वाळू असते, तिच्यात आमची खुर्ची रुतते, म्हणून आम्ही कायम वाळूच्या काठावर. समुद्राच्या काठावर बसल्यासारख्या.

सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? भली माणसं येऊन म्हणतात, "अहो, तिला तिकडे सावलीत बसवा." तिला ऊन आवडतं. आणि ती सगळं ऐकते.

ऑरेंज सिटी

आमच्या नागपुरात पारडी भागात दिव्यांगांसाठी 'अनुभूती' नावाची समावेशक बाग २०२३ च्या जानेवारीत गडकरींनी जाहीर केली. ९० हजार चौरस फूट जागा, स्पर्श-गंध बाग, पाण्यातले उपचार वगैरे. अशी एकेक बाग प्रत्येक जिल्ह्यात पाहिजे बाप्पा.

चिमणीची आई

@ऑरेंज सिटी, चांगलंच आहे, पण मनात शंका येते. विशेष बाग शहराच्या एका टोकाला असणार आणि आमची चिमणी राहते दुसऱ्या टोकाला. तिच्या वर्गातल्या मुलींचे वाढदिवस गल्लीतल्या बागेत होतात. तिला त्या बागेत पाळणा हवाय.

ऑरेंज सिटी

हे डोक्यात नव्हतं आलं. खरंय.

मायलापूरकर

चेन्नईत राहतो. इथे मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये चाकाच्या खुर्च्यांसाठी २६३ मीटर लांब लाकडी वाट केली, थेट पाण्याजवळपर्यंत. पहिल्या दिवसांत लोक अक्षरशः रडत होते, वय झालं तरी समुद्र एवढ्या जवळून कधी पाहिलाच नव्हता. पंधरवड्यात मंदौस चक्रीवादळ आलं आणि वाटेचं नुकसान केलं. 'बघा, पैसा पाण्यात' म्हणणारे लगेच उगवले. मग ती दुरुस्त केली. वादळात रस्तेही वाहून जातात, तेव्हा कुणी रस्तेच नकोत म्हणत नाही.

झाडू-खराटा

मी बागेच्या कामावर आहे, ठेकेदाराकडून. कुठली ते विचारू नका.

दिव्यांगांचं स्वच्छतागृह बंद का असतं ते सांगतो. आमच्या इथं ते आहे, मोठं आहे, धरायला दांड्या आहेत, सगळं आहे. आणि त्याला कुलूप. का? बागेत पाइप, खुरपी, खताची पोती ठेवायला खोलीच दिलेली नाही. ती जागा मोठी, कोरडी, दार रुंद. मग काय होणार? आम्हाला वाईट वाटतं पण पाऊस आला तर खत कुठं ठेवू? एक दहा बाय दहाची पत्र्याची खोली द्या, ते स्वच्छतागृह उद्या मोकळं करतो. आणि सफाईला माणूस द्या, कारण उघडं ठेवलं की साफ मला एकट्यालाच करावं लागतं.

सिव्हिल काका

@झाडू-खराटा, तुमचा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवण्यासारखा आहे. चाळीस वर्षांत मी बागेच्या एकाही नकाशात माळ्याची खोली तपासली नाही. लाज वाटली.

कलम कायदा

मागायचं काय हे झालं, आता कशाच्या जोरावर ते सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारची अपंगत्वं होती, यात एकवीस. यातल्या 'सार्वजनिक सुविधा आणि सेवा' या व्याख्येत विरंगुळा आणि करमणूकही येते, तेव्हा 'बाग ही काय इमारत आहे का' हा युक्तिवाद कुणी केला तर व्याख्या पुढे करा. मापांसाठी केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाची २०२१ ची सर्वसमावेशक सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

महत्त्वाचं म्हणजे राजीव रतुरी यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल आला. या कायद्याखालच्या नियमांपैकी नियम १५ मधली मानकं नुसती शिफारशीसारखी लिहिलीत, कायद्याला ती बंधनकारक हवी आहेत, असं म्हणून न्यायालयानं ती तरतूद कायद्याशी विसंगत ठरवली आणि सक्तीचे नियम करायला सरकारला तीन महिने दिले. म्हणून अर्जात 'कृपया सोय करावी' असं लिहू नका. 'करणे बंधनकारक आहे' असं लिहा.

पैसा नाही हे उत्तर येईलच. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. मागच्या वर्षी त्यातले किती आणि कशावर खर्च झाले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. पुण्यात असाल तर महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना घेते, फाटक, बाक, पाळणा अशी लहान कामं त्यात बसतात. कुठेच दाद लागली नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत.

कोकणमेवा

अवांतर: रायगडाला रोपवे १९९६ पासून आहे. आजीला त्यातून वर नेलं होतं, चार-पाच मिनिटांत वर. वर गेल्यावर पुढे दगडी पायऱ्या आणि चढउतार आहेतच. डोलीतून नेलं तिला राजसदरेपर्यंत. आजी म्हणाली, हिरकणीला हे माहीत असतं तर बिचारीचे पाय वाचले असते. ऐतिहासिक जागी किती हात लावायचा हा वेगळाच प्रश्न आहे, त्यावर कुणीतरी नवा धागा काढा.

पांढरी काठी

काका आणि शेवंतीताई, एक गोष्ट राहिली. खुर्चीसाठी वाट एकदम सपाट, कडेला काहीच उंचवटा नाही अशी केली की आमचा घोटाळा होतो. वाट कुठे संपते आणि हिरवळ किंवा तळं कुठे सुरू होतं, ते काठीला कळत नाही. मी एकदा कमळांच्या हौदात उतरलोय, बुटांसकट. वाटेच्या दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची उभी कड ठेवा, आणि खुर्ची वळायच्या जागी ती तोडा. खुर्ची घसरून खाली जात नाही, काठीलाही वाट सापडते. एकाची सोय दुसऱ्याची अडचण होऊ शकते, म्हणून तिथे आम्हा दोघांनाही एकदम बोलवा. वेगवेगळं विचारलंत तर दोनदा फोडावं लागेल.

शेवंती

दीड महिन्यानं लिहितेय, उशिराबद्दल माफी.

कलम कायदा यांच्या सांगण्यावरून 'बंधनकारक' हा शब्द घालून अर्ज दिला, सोबत मापं आणि फोटो. तीन आठवडे शांतता. मग एक दिवस दोघे आले, नागमोडी वाटेतला एक पाइप गॅसनं कापला आणि निघून गेले. ना रंग, ना घासकाम. जागा झाली ९२. त्याच संध्याकाळी एक बुलेट आत शिरली. हास्यक्लबनं आरडाओरडा केला, दुसऱ्या दिवशी पाइप परत जोडलेला. हसावं की रडावं!

मग वॉचमनकाका आणि मी मुकादमांना एकत्र भेटलो. मोठ्या गेटाच्या किल्लीची दुसरी प्रत निघाली, तीस रुपये लागले, ते मी दिले. किल्ली वॉचमनकाकांच्या कमरेला. आमच्याशिवाय अजून दोन खुर्च्या आणि एक जुळ्यांची बाबागाडी आहे या परिसरात, हे मला तेव्हा कळलं. स्वच्छतागृहाच्या बाबतीत झाडू-खराटा यांचा प्रतिसाद शब्दशः अर्जात उतरवला (नाव न देता). पत्र्याची खोली 'विचाराधीन' आहे.

काल अप्पा आत गेले. मोठं गेट करकरलं तसे हास्यक्लबवाले सगळे वळून बघायला लागले. अप्पांनी हात वर केला, उजवा. कुणी रडलंबिडलं नाही, जोशीकाकांनी फक्त "अध्यक्ष, वर्षभराची वर्गणी बाकी आहे" असं ठणकावलं.

त्यांना पलीकडच्या कदंबाखाली जायचं होतं, त्यांचा नेहमीचा बाक तिथे आहे. वाटेवर अर्ध्यात पेव्हर खचलेत, साधारण चार फूट लांब खड्डा, मध्ये कदंबाचंच मूळ वर आलंय. चाक अडलं. मी म्हटलं, परत फिरू. अप्पांनी वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "उद्या कुदळ आण."

सिव्हिल काका

कुदळ नको, मूळ दुखावेल, झाडही जाईल. मूळ आहे तसं ठेवायचं, ब्लॉक काढून त्याच्यावरून मंद उतार करायचा. आधी त्या मुकादमांना सांगून ठेवा, नाहीतर सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणून आपल्यालाच पकडतील. मी तुमच्या गावापासून तासाभरावर राहतो असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दोन पोती ग्रिट आणि दुरमुस माझ्याकडे आहे.

घाटकरी

घमेलं आणि दोन माणसं माझ्याकडून. खंदकावरच्या फळीचं माप घेतलंय, त्याचा वेगळा धागा काढतो.

शेवंती

काका, मुकादमांशी बोलले. ते म्हणाले, "करा, पण मी बघितलं नाही." रविवारी सकाळी सात. अप्पा विचारतायत चहा साखरेचा की बिनसाखरेचा.